मोहटोलीचा जावई

नागपुरातल्या महाल भागात केळीबाग रस्त्याच्या मागल्या बोळात दोन खोल्यांचं बिऱ्हाड करून राहणारे मनोहरराव झाडे कुणाच्या अध्यात नसत, मध्यात नसत. मॅट्रिक पास, अंगानं किडकिडीत, नागपूरच्या वैशाखातसुद्धा शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावणारे. सिव्हिल लाइन्समधल्या एका योजना कार्यालयात मोजणीदाराची नोकरी होती आणि दाराशी सायकल होती. या दोन गोष्टी असल्या की त्या काळी तिशीच्या आतल्या माणसालाही 'राव' आपोआप चिकटायचं. भिडस्त इतके, की भाजीवालीनं किडकं वांगं तागडीत टाकलं तर घरी येऊन बायकोची बोलणी खातील, पण ते परत करायचे नाहीत. अशा माणसाच्या हातून काही भयंकर होईल असं कुणी म्हटलं असतं तर सारा बोळ हसला असता. पण भयंकर काही करायला माणूस दांडगा असावा लागतो असं थोडंच आहे!

त्यांची सासुरवाडी मोहटोली. सोनेगावच्या विमानतळापलीकडे नाल्याच्या काठानं वसलेलं लहानसं गाव. जमीन काळीभोर, विहिरींना उन्हाळ्यातही पाणी, त्यामुळे बारा महिने भाजीपाला. वांगी, पालक, चवळीच्या शेंगा आणि सांभार. कोथिंबिरीला नागपुरात सांभार म्हणतात, आणि मोहटोलीचा सांभार बर्डीच्या बाजारात गिऱ्हाईक वास घेऊन ओळखायचं. सासरे लग्नाआधीच वारलेले. सासू प्रयागबाई एकटीनं नाल्याकाठचा तुकडा कसायची, सकाळी टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायची आणि दुपारी परत येऊन पुन्हा वाफ्यात बसायची. प्रेमिला तिची एकुलती एक लेक.

या गावात जावयाची एक रीत होती. तशी ती विदर्भात सगळीकडेच थोडीफार आहे, पण मोहटोलीनं ती जरा जास्तच मनावर घेतलेली. एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई. तो वेशीशी दिसला की म्हातारेकोतारे ओट्यावरून उठून उभे राहायचे. कुणाच्याही दारी त्याला पाय धुवायला पाणी मिळायचं. आणि मुख्य म्हणजे त्याला 'नाही' म्हणायचं नाही, वेडंवाकडं बोलायचं नाही. जावयाला दुखावलं तर ते दुखणं शेवटी आपल्याच लेकीच्या पदरात पडतं, हा साधा विचार. म्हणून जावई कितीही गाढव निघाला तरी गाव त्याला बापूच म्हणायचं. मनोहरराव तर मॅट्रिक झालेले, हापिसात जाणारे. त्यांचं कौतुक काय विचारता!

तेव्हा सोनेगावला रात्री टपालाची विमानं यायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं इथं एकमेकांना भेटायची, पोत्यांची अदलाबदल करायची आणि आल्या वाटेनं परत जायची. यावरूनच वरच्या साहेबलोकांच्या डोक्यात आलं, की साऱ्या देशाचं टपाल इथं बदलतं, तर माल का बदलू नये? विमानतळाभोवती मोठी वसाहत उभारायची. गोदामं, संत्र्यांसाठी थंड कोठारं, कारखाने, मालमोटारींचा तळ, कामगारांच्या चाळी, शाळा, दवाखाना, सिनेमा. गांधीबागेतले ठोक व्यापारी आणि शहरालगतच्या वाडी गावातले ट्रान्सपोर्टवाले सगळे तिथं येणार. नकाशा रंगून तयार झाला आणि कार्यालयाच्या भिंतीवर लागला. गोदामं जांभळी, कारखाने तपकिरी, बागा हिरव्या. मोहटोलीची वावरं जांभळ्या रंगाखाली गेलेली मनोहररावांना दिसली, पण त्यांना वाईट वाटलं नाही. उलट सासुरवाडीचं नशीब फळफळलं असं वाटलं. प्रेमिलेच्या चुलतभावांना दुकानं मिळतील, गावातली पोरं गोदामात बाबू होतील, सासूबाईंच्या डोक्यावरची टोपली उतरेल. हे सारं त्यांना मनापासून खरं वाटत होतं. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना लबाड म्हणाल. ते लबाड नव्हते. लबाड माणसाला निदान आपण काय करतो आहोत हे ठाऊक असतं.

आजूबाजूच्या गावांची मोजणी झाली. मोहटोलीनं मात्र मोजणीची साखळी शिवेच्या आत येऊ दिली नाही. गावचे पाटील नानाजी, पांढऱ्या मिशांचा उंचापुरा म्हातारा, योजना कार्यालयाच्या मुख्य बापटसाहेबांसमोर उभे राहून सरळ म्हणाले, "साहेब, आमच्या वांग्याईले विमान पाहाची हौस नाही." साहेब समजावून थकले, रागावून थकले. बळजबरी करायची म्हणजे कोर्टकचेरी आली, वर्षं गेली. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं, की आपले झाडे त्याच गावचे जावई आहेत.

"अहो झाडे," बापटसाहेब म्हणाले, "घरात जावई असताना आमचं घोडं पेंड का खातंय?"

"साहेब, सासुरवाडीत असल्या गोष्टी..."

"आता धोंड्याचा महिना लागतोय. सासूबाई जेवायला बोलावतीलच. वाण म्हणून मागून टाका!" साहेब हसले आणि दुसऱ्या कामाला लागले. त्यांनी ती अर्धी थट्टाच केली होती. मनोहररावांनी तो हुकूम समजून डोक्यात ठेवला.

अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावयाला बोलावून, पाय धुवून, धोंडे आणि पुरणपोळी वाढायची आणि वाण द्यायचं, ही सर्वांनाच माहीत असलेली चाल. मोहटोलीत त्याला आणखी एक शेपूट होतं. पहिला घास घेण्याआधी जावई रुसायचा. काय पाहिजे म्हणून सासू विचारायची, तो घड्याळ मागायचा, छत्री मागायचा. पंगत हसायची, घासाघीस व्हायची, आणि काहीतरी कबूल झालं की जावई घास उचलायचा. वाण कबूल झाल्याशिवाय जावई पाटावरून उपाशी उठला तर ती साऱ्या गावाची बेअब्रू. तसं कधी झालं नव्हतं.

एकोणसत्तर साली हा महिना पावसाळ्याच्या तोंडाशी आला. प्रयागबाईंनी अंगण सारवलं, सारी वडीलधारी मंडळी पंगतीला बोलावली. वाटीवाटीभर तूप, त्यात बुडणाऱ्या पुरणपोळ्या, पाटवडीचा रस्सा. त्यांनी तांब्याच्या ताटात जावयाचे पाय धुतले, पुसले, कपाळी कुंकू लावलं आणि हसत विचारलं, "बोला बापू, काय पाह्यजे?"

"मले घड्याळ नको अन् छत्रीबी नको," मनोहरराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका लागला. "गावानं मोजणी होऊ द्यावी. योजनेले हो म्हणावं. हेच मायं वाण."

कुणीतरी हसायला सुरुवात केली होती ते मधेच थांबलं.

"बापू," नानाजी म्हणाले, "हे थट्टा हाये का?"

"थट्टा नाही."

"मंग घास तं उचला. जेवता जेवता बोलू."

मनोहररावांचा हात मांडीवरच राहिला. सायकल मारत येताना त्यांनी सगळं मनात जुळवलं होतं. दुकानं, नोकऱ्या, दवाखाना, सिनेमा. त्यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. कारण बोलायला लागलो तर नानाजी उलट विचारणार, नाल्याचं पाणी कुठं जाईल, बैल कुठं बांधायचे, गोदामात आमच्या बायका काय करतील. बोलण्याला बोलण्यानं उत्तर देता येतं. न उचललेल्या घासाला उत्तर नाही. हे त्यांना त्या क्षणी अगदी लख्ख ठाऊक होतं. पुढे आयुष्यभर त्यांनी आपल्या मनाची किती समजूत घातली, साहेबावर ढकललं, नशिबावर ढकललं, पण एवढं मात्र कधी ढकलता आलं नाही.

नानाजींनी प्रयागबाईंकडे पाहिलं. "बाई, तुह्या दारचा जवाई हाये. तू सांग."

प्रयागबाई तुपाची कासंडी धरून उभ्या होत्या. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या प्रेमिलेकडे पाहिलं. प्रेमिलेला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिची मान खाली गेलेली. "दादा, मायी लेक त्या घरी नांदून राहिली," प्रयागबाई म्हणाल्या. "मी काय सांगू?"

मग म्हाताऱ्यानं साऱ्या पंगतीवरून नजर फिरवली. "जवाई भुकेला उठला तं गावाचं तोंड काळं होईल," ते म्हणाले. "जेवा बापू. देल्लं."

पंगत जेवली. पोळ्यांवरचं तूप थिजलं होतं. घरी परतताना प्रेमिला सायकलच्या कॅरिअरवर बसून रस्ताभर एक शब्द बोलली नाही, आणि मनोहररावांना वाटलं, ती दमली असेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाठ थोपटली. वर्षा-दोन वर्षांत मोजणी झाली, कागद झाले, तारेचं कुंपण घातलं गेलं. मोबदला ज्याच्या त्याच्या घरात आला आणि अशा पैशाला जे पाय असतात त्या पायांनी निघूनही गेला. विहिरी कुंपणाच्या आत राहिल्या. आता गोदामं उभी राहायची तेवढी बाकी होती.

ती राहिली नाहीत. बापटसाहेबांची बदली झाली. दुसरे साहेब आले, त्यांच्या मनात कारखाने भलतीकडेच न्यायचे होते. तिसरे आले तोवर रात्रीची टपालाची विमानंच बंद झाली. ज्या भेटीगाठीवर सगळा इमला रचला होता ती भेटच उरली नाही. भिंतीवरचा नकाशा तसाच राहिला. रोज दुपारचं ऊन पडून त्यातली गोदामं आधी जांभळ्याची राखाडी झाली आणि मग नीटशी दिसेनाशी झाली.

मोहटोलीच्या वावरात कमरेएवढं गवत माजलं. गावचे पुरुष वाडीच्या गोदामांत हमालीला जाऊ लागले, बायका शहरात धंतोलीत धुणीभांडी करू लागल्या. ज्या घरांतून भाजी बाजारात जायची त्या घरांत बाजारातून भाजी येऊ लागली. आणि एवढं सगळं होऊन मोहटोलीतल्या एकाही माणसानं मनोहररावांना एका शब्दानं विचारलं नाही. ते लग्नकार्याला गेले की म्हातारे पूर्वीसारखेच उठून उभे राहायचे. पूर्वीसारखंच पाय धुवायला पाणी. पूर्वीसारखंच "या बापू, बसा बापू." सुरुवातीला मनोहररावांनी मनात उत्तरं तयार ठेवली होती. योजना लांबली आहे, रद्द झालेली नाही, सरकारी काम आहे, वेळ लागतो. ती उत्तरं कुणी मागितलीच नाहीत. मग ते वाट पाहू लागले, की निदान एखादा दारू पिऊन तरी शिवी देईल. शिवी ही फार उपयोगाची वस्तू आहे. ती खाल्ली की माणूस अर्धा तरी मोकळा होतो. पण जावयाला शिवी द्यायची नाही ही गावची रीत, आणि गाव रीतीला पक्कं होतं. रीतीचा फायदा त्यांनी एकदा घेतला होता. आता तीच रीत त्यांच्या मानगुटीवर बसली.

हळूहळू त्यांनी जाणंच सोडलं. कधी दौरा, कधी ताप. प्रेमिला एकटी जायची आणि एकटी यायची. चौऱ्याहत्तर साली पुन्हा धोंड्याचा महिना आला तेव्हा त्यांनी कामाचं निमित्त सांगितलं. तर प्रयागबाई डबा घेऊन स्वतःच महालात येऊन थडकल्या, कारण जावयाचं वाण चुकवायचं नसतं. जावयाच्याच मोरीपाशी बसवून त्यांनी जावयाचे पाय धुतले. त्यांच्या हातांवर बारीक बारीक ओरखडे होते.

"मामी, सध्या काय करता?" मनोहररावांनी विचारलं.

"चाल्लं बापू. एका जिवाले लागते किती?"

ओरखडे कशाचे हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

ते उत्तर त्यांना आणखी तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुमाराला मिळालं. योजनेला पुन्हा धुगधुगी आली होती. दिल्लीहून दोन पाहुणे जमीन बघायला येणार होते. नवे साहेब, पाहुणे आणि मनोहरराव जीपमधून कुंपणाच्या फाटकाशी उतरले. ऊन चांगलं तापलं होतं. गवतातून वाट काढत साहेब सांगत होते, इथं शीतगृह, इथं मालाचा फलाट. तेवढ्यात चौकीदार एका बाईला दंडाला धरून ओढत घेऊन आला. तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता, हातात विळा होता.

"साहब, रोज घास चुराती है ये," तो म्हणाला. "धंतोली के ग्वालों को बेचती है. आज पकड़ में आई."

भाऱ्याखालून मनोहररावांना आधी ते ओरखड्यांचे हात दिसले आणि मग चेहरा. प्रयागबाईच. ज्या जागी सगळे उभे होते तो त्यांचाच तुकडा होता. पाच पावलांवर त्यांची विहीर होती, तिच्या तोंडावर काटेरी झुडपं टाकलेली.

पाहुण्यांसमोर चोर सापडला म्हणून साहेब चिडले. "झाडे, तुम्ही या भागातले ना? कोण ही बाई? ओळखता?"

मनोहररावांनी तोंड उघडलं. आपण काय बोलणार होतो ते त्यांना पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. त्यांच्या आधी प्रयागबाईच बोलल्या. पदर पुढं ओढून, मान खाली घालून.

"नाही जी साहेब. या साहेबाले मी कधी पाह्यलं नाही. मी दूरची हावो. भूल झाली, पुन्हा नाही येणार."

साहेब अजून मनोहररावांकडेच पाहत होते.

"नाही साहेब," मनोहरराव म्हणाले. "ओळखत नाही."

चौकीदारानं भारा खाली पाडला, विळा हिसकावून दूर फेकला. "भाग!" प्रयागबाई निघाल्या. पायांत चपला नव्हत्या. कुसळं टोचत होती म्हणून त्या जरा तिरक्या चालत होत्या, आणि एकदाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर ओळख दिसली असती ना! साहेब पुन्हा शीतगृहावर आले. मनोहरराव वहीत काहीतरी उतरवत राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी प्रेमिलेला सारं सांगितलं. लपवण्याची ताकदच उरली नव्हती. ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे माय गवत विकून राहिली हे तुम्हाले आज समजलं," ती म्हणाली.

"तुले माहीत होतं?"

"साऱ्या गावाले माहीत हाये. तुम्हाले सांगू नोको म्हणून मायनंच शपथ घातली होती. जवायाले वाईट वाटल म्हणे." ती थांबली. "तिनं चार लोकांत तुमची लाज राखली. तुम्ही तिची काय राखली?"

प्रेमिलेनं पोळ्या केल्या, त्यांचं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली. त्यांनी ते ताट झाकून ठेवलं.

सकाळी ते निश्चय करून साहेबांच्या खोलीत गेले. आज सगळं सांगायचं. ती बाई कोण, ती जमीन कुणाची, ती कशी मिळवली. नोकरी गेली तर जाऊ दे.

"साहेब, कालची ती बाई माझी सासू आहे."

साहेबांनी मान वर केली. क्षणभर पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "अहो मग तेव्हाच सांगायचं! तुम्हीसुद्धा कमाल करता, झाडे. घरची माणसं आणि गवतासाठी पकडली जातात? थांबा." त्यांनी कागद ओढला, चार ओळी खरडल्या, सही केली, शिक्का मारला. सदर बाईस आवारातील गवत कापण्यास हरकत नसावी. "घ्या. चौकीदाराला दाखवा म्हणावं. आणखी काही?"

आणखी तर सगळंच होतं. 'साहेब, ते आवार तिचं आहे' एवढं वाक्य मनोहररावांच्या दातांच्या मागं येऊन उभं होतं. पण साहेब इतक्या मोकळेपणानं हसत होते, इतके उदार झाले होते, की त्यांच्यापुढं ते बोलणं कृतघ्नपणाचं वाटलं. भिडेपायी त्यांनी जन्मभर किडकी वांगी घेतली, तशीच ती चिठ्ठीही घेतली. "आभारी आहे साहेब," म्हणाले. त्या शब्दांची चव त्यांच्या तोंडात दिवसभर राहिली.

सुट्टी झाल्यावर ते सायकलनं मोहटोलीला गेले. बऱ्याच वर्षांनी जावई वेशीवर दिसला तशी ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. प्रयागबाई अंगणात होत्या. त्यांनी लगबगीनं पाण्याचा तांब्या आणला, जणू काल काही घडलंच नव्हतं.

"मामी, पाय नका धुऊ," मनोहरराव म्हणाले. "काल माया हातून लय वाईट झालं. माफ करा."

"कायची माफी बापू? तुमच्या नोकरीची गोष्ट होती. अन् आधी तं मीच बोलली." त्यांनी बोलता बोलता पाय धुतलेच. "प्रेमिला बरी हाये ना?"

पुढं काय बोलावं ते न सुचून मनोहररावांनी खिशातली चिठ्ठी काढून दिली. "हे चौकीदाराले दाखवा. आता तुम्हाले गवत कापाले कोणी अडवणार नाही."

प्रयागबाईंनी ओले हात पदराला पुसले. वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळला. त्यांनी तो कागद दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मनोहररावांना तिथून पळून जावंसं वाटलं. त्या दाराशी जाऊन शेजारणीला हाका मारू लागल्या.

"अवं भागीरथा! पाह्य वं, माया जवायानं सरकारची चिठ्ठी आणली! आता हक्कानं गवत कापाले जाईन मी!"

भागीरथा आली. तिच्या मागून आणखी बायका आल्या. मोहटोलीत गवतावर जगणारी प्रयागबाई एकटी नव्हती. सगळ्या पदर सावरून अंगणात बसल्या. "बापू, मायाबी नावाची आणा ना." "माया दोन म्हशी हाये बापू, तुमचे पाय धरतो." कुणाच्याही आवाजात टोमणा नव्हता. असता तर किती बरं झालं असतं! जावयानं काहीतरी चांगलं आणलं, त्यातलं थोडं आपल्यालाही मिळावं, एवढंच.

गलका ऐकून नानाजी काठी टेकत आले. मिशा आता पार विरळ झाल्या होत्या. ते मनोहररावांसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"बापू, माया वावरात विहिरीपाशी भल्लं कवळं गवत हाये," ते म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच उमगलं. "म्हणजे, सरकारच्या वावरात. मले बी एखादी चिठ्ठी भेटल का?"

मनोहररावांनी पुढं होऊन ते जोडलेले हात धरले. ते वावर तुमचंच आहे नानाजी, त्यांना म्हणायचं होतं, मी ताटावर बसून ते तुमच्याकडून काढून घेतलं, तुम्ही मला जोड्यानं मारायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं आत कोंडलेलं एकदम बाहेर येत नाही. त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं. म्हाताऱ्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, काम होण्यासारखं नसेल, जावई बिचारा अडचणीत सापडला.

"राहू द्या बापू, राहू द्या," नानाजी घाईघाईनं म्हणाले. आपले हात सोडवून त्यांनी मनोहररावांच्या खांद्यावर ठेवले. "नसल जमत तं नसल. साहेबलोकाईपुढं तुम्हालेबी खाली पाहा लागते, आम्हाले का समजत नाही? भाराभर गवतासाठी तुमच्या नोकरीले धक्का नोको. आमचं काय, चालून जाते." मग बायकांकडे वळून त्यांनी दटावलं, "चला वं, उठा. जवायाले तरास नोका देऊ."

बायका एकेक करून उठल्या. जाता जाता भागीरथा वाकली आणि अंगणात वेड्यावाकड्या पडलेल्या मनोहररावांच्या चपला उचलून, झटकून, त्यांच्या पायांपुढं जोडीनं मांडून गेली. नानाजी अजून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मनोहरराव खाली मान घालून त्या चपलांकडे पाहत राहिले, आणि त्या पायांत घालायचीसुद्धा त्यांना लाज वाटली.